जुनी स्टीलची टूरिंग फ्रेम कशी ओळखायची (स्टिकर सगळ्यात शेवटी वाचा)

मी मूळची सांगलीकडची, आता बरीच वर्षं इंग्लंडात डर्बीला राहते, आणि गेल्या सात वर्षांत जुन्या टूरिंग सायकलच्या पाच फ्रेम्स घेतल्यात. त्यातल्या दोन सपशेल चुकल्या. पहिली तर स्टिकर बघूनच घेतली होती, सीट ट्यूबवर (सीटखालची उभी नळी) हिरवा-सोनेरी रेनॉल्ड्स ५३१ चा, म्हणजे नावाजलेल्या स्टीलच्या नळ्यांचा, स्टिकर, साठ पौंड, मी खूश! घरी आणून उचलली तेव्हा दंडाला कळलं की काहीतरी गडबड आहे. स्टिकर नवीन होता, ऑनलाइन मिळतात तसले, खाली साधा जाड पाईप. आईला व्हिडिओ कॉलवर दाखवली तर ती म्हणाली, "अगं, एवढ्या लांब जाऊन भंगारच गोळा करायचं होतं तर इथे काय कमी होतं!"

तर हे तुमच्यासाठी, तुमचं तसं होऊ नये म्हणून. इथे यूकेत कार बूट सेल (लोक गाडीच्या डिकीतून जुनं सामान विकतात तो बाजार), ऑक्शन, कुणाच्या तरी आजोबांचं गॅरेज, असं कुठे ना कुठे फ्रेम समोर येतेच आणि बघायला दहा मिनिटं मिळतात. त्या दहा मिनिटांत काय आणि कुठल्या क्रमाने बघायचं ते सांगते. क्रम महत्त्वाचा आहे, कारण स्टिकर आधी वाचला की पुढचं सगळं आपल्याला तसंच दिसायला लागतं.

पिशवीत काय हवं

व्हर्नियर (डिजिटल स्वस्तातला चालतो), मापाची टेप, तीन-चार मीटर दोरा, छोटं चुंबक, टॉर्च, जुनं फडकं, अ‍ॅलन की चा सेट आणि एक अ‍ॅडजस्टेबल पाना. लगेजसाठीचा छोटा काटा असला तर फारच छान. फोन अर्थातच.

१. आधी ही टूरिंगचीच आहे ना ते बघा

रेसिंग फ्रेमला कॅरिअर लावून लोक टूरिंग म्हणून विकतात, हा सगळ्यात कॉमन घोळ. टूरिंग फ्रेम सामान वाहायला बनवलेली असते, त्यामुळे तिची अंगकाठीच वेगळी.

चेनस्टे मोजा, म्हणजे बॉटम ब्रॅकेटच्या (पायडलचा दांडा ज्यात फिरतो ते नळकांडं) मधापासून मागच्या अ‍ॅक्सलच्या मधापर्यंत. रेसिंगमध्ये हे साधारण ४०-४१ सेंमी असतं, टूरिंगमध्ये ४३ ते ४६. का? तर मागे पॅनियर (कॅरिअरच्या बाजूच्या पिशव्या) लटकवल्यावर पायडल मारताना टाच त्यांना आपटू नये म्हणून, आणि ओझं चाकाच्या मागे लटकण्याऐवजी जमेल तेवढं पुढे यावं म्हणून. मग चिमटा (पुढचं चाक धरणारा फोर्क) बाजूने बघा, खालचा बाक जरा लांब आणि निवांत वळलेला असतो. चाक आणि फ्रेममधली फट बघा, जाड टायर अधिक मडगार्ड मावेल एवढी जागा हवी.

आणि मग बारीकसारीक कान-डोळे. ड्रॉपआऊटला (चाकाचा अ‍ॅक्सल बसतो ती पट्टी) मडगार्डसाठी आणि कॅरिअरसाठी भोकं (दोन-दोन असतील तर उत्तम), सीटस्टेवर (सीटकडून मागच्या चाकाकडे येणाऱ्या नळ्या) कॅरिअरचे बॉस (स्क्रूसाठी आटे पाडलेले छोटे उंचवटे), चिमट्यावर लो-रायडर (पुढच्या चाकाशेजारी खाली बसणाऱ्या) कॅरिअरचे बॉस, कँटिलिव्हर ब्रेकचे खुंट, पंप अडकवायची खुंटी, चिमट्याला दिव्याचा बॉस. काही फ्रेम्सना चेनस्टेवर चाकाच्या जादा तारा ठेवायची सोय पण असते, ती दिसली की मला अजून हसू येतं, कारण ज्याने ही बनवली त्याला माहीत होतं की तार तुटणार आणि ती दुकान बंद असतानाच तुटणार.

एकच आठवण, सत्तरच्या आधीच्या फ्रेम्सना हे सगळं नसू शकतं, तेव्हा बरंचसं सामान पट्ट्यांनी बांधायचे. म्हणून बॉस नाहीत एवढ्यावरून टूरिंग नाही असं म्हणू नका, चेनस्टेचं माप जास्त खरं बोलतं.

२. मागचे ड्रॉपआऊट

चाकाचा अ‍ॅक्सल ज्या खाचेत बसतो ती पट्टी. स्वस्त फ्रेममध्ये हा चपटा दाबलेला पत्रा असतो, कडा एकसारखी पातळ, आणि डिरेलियर (गिअर बदलणारा भाग) वेगळ्या हँगरने नट लावून बसवलेला. चांगल्या फ्रेममध्ये तो ठोकून घडवलेला, जाड, आणि डिरेलियरचा हँगर त्यालाच जोडून. त्यावर नाव असतं: कँपाग्नोलो, शिमानो, सनटूर, ह्युरे, झ्यूस. रंगाखाली गेलं असेल तर टॉर्च तिरका धरा, उठाव दिसतो.

कारखान्यांना जिथे पैसा वाचवायचा असायचा तिथे ड्रॉपआऊटवर हमखास वाचवायचे, म्हणून दर्जा बघायला मी इथूनच सुरुवात करते. पत्र्याचा ड्रॉपआऊट आणि वर महागाचा स्टिकर असं दिसलं तर सावध व्हा.

इथेच दोन ड्रॉपआऊटच्या आतल्या बाजूंमधलं अंतर मोजून घ्या. १२० मिमी म्हणजे ५ स्पीडचा जमाना, १२६ म्हणजे ६ किंवा ७ स्पीडचा, साधारण ऐंशीचं दशक. १३० किंवा १३५ असेल तर एकतर फ्रेम नंतरची आहे किंवा कुणीतरी फाकवलेली आहे. फाकवणं हा गुन्हा नाही, स्टील आहे, नीट केलं तर चालतं, पण दोन्ही बाजू सारख्या फाकवल्यात का ते सहाव्या पायरीत दोऱ्याने कळेल.

३. जोड बघा, इथे घाई करू नका

दहातली चार मिनिटं इथे घालवा.

बहुतेक जुन्या फ्रेम्समध्ये नळ्या लगमध्ये घालून पितळेने किंवा चांदीच्या डाखाने जोडलेल्या असतात. लग म्हणजे ती नक्षीदार टोपी. आधी नखाने कड चाचपा. चांगल्या कारागिराने लगची कड कानशीने पातळ केलेली असते, नळीवरून लगवर जाताना नख अडखळतं पण ठेचकाळत नाही. साध्या कारखान्याच्या फ्रेममध्ये कड जाड, बोथट, आणि कोपऱ्यात पितळेचे ओघळ सुकलेले. मग दोन्ही बाजूंची टोकं जुळवून बघा, उजवं डावं सारखं आहे का, कारण मशीनच्या घाईत टोक तिरकं जातं.

मग सीटस्टे वर सीट लगला कसे येऊन मिळतात ते बघा, कुणी टोकं तिरकी कापून वर छोटी टोपी बसवतो, कुणी दोन्ही स्टे मागून गुंडाळून आणतो. चिमट्याचा क्राऊन (दोन्ही पाती वर जिथे जोडतात तो तुकडा), ब्रेकचा पूल, ड्रॉपआऊटमध्ये नळी शिरते तिथली वाटी, ही सगळी कारागिराची अक्षरं आहेत. चार फ्रेम्स हाताळल्या की अक्षर ओळखू यायला लागतं, खरंच.

फ्रान्सचे नर्व्हेक्स लग वेलबुट्टीसारखे वळणदार असतात आणि ते अनेक ब्रिटिश बनवणाऱ्यांनी वापरले, म्हणजे नुसत्या लगवरून नाव ठरवू नका. हेचिन्स या इंग्लिश बनवणाऱ्यांचे लग म्हणजे दागिनाच, आणि त्यांच्या काही फ्रेम्सचे मागचे स्टे चक्क लाटेसारखे वळलेले. असं सांगतात की तेव्हा हौशी रेसिंगमध्ये बनवणाऱ्याच्या नावाची जाहिरात चालायची नाही, म्हणून नाव न वाचताही लांबून सायकल ओळखू यावी असा आकार काढला. आमच्या डर्बीचे मर्शियन १९४६ पासूनचे, त्यांच्या सीट ट्यूबवर न्हाव्याच्या दुकानाबाहेरच्या खांबासारखे पट्टे दिसले की माझं लक्ष रस्त्यावरून उडतं, नवरा ओरडतो.

आता ट्रॅप. लग नाहीत म्हणजे स्वस्त, असं समजून मी एकदा एक फ्रेम हातची घालवली. स्टॉकटन-ऑन-टीजचे जॅक टेलर, तीन भाऊ मिळून चालवायचे, त्यांच्या कितीतरी फ्रेम्स बिनलगच्या आहेत, पितळ भरून घासून जोड असा गुळगुळीत केलेला की एक नळी दुसरीतून उगवल्यासारखी वाटते. फरक असा की स्वस्त वेल्डमध्ये जोडाभोवती नाण्यांची चळत आडवी पडल्यासारखा खवलेदार मणी दिसतो किंवा जोड आत ओढल्यासारखा असतो. आणि पितळ भरलेल्या जोडाची गोलाई हाताला सलग लागते.

जाड पावडर कोटिंग केलेली फ्रेम असेल तर हे काहीच दिसणार नाही, लगच्या कडा बुजलेल्या असतात. मी अशी फ्रेम कमी भावातच घेते किंवा घेतच नाही.

४. सीटपिनचं माप

सीटपिन म्हणजे सीटखालचा दांडा, जो सीट ट्यूबमध्ये शिरतो. त्याचं हे मला कुणीतरी पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. इंग्लिश मापाच्या सीट ट्यूबचा बाहेरचा व्यास २८.६ मिमी असतो, म्हणजे सव्वा इंचाला थोडा कमी, एक पूर्णांक एक अष्टमांश इंच. बाहेरचं माप ठरलेलं असल्यावर सीटपिन जितकी जाड, तितका पाईप पातळ. पिनवर माप ठोकलेलं असतं, नसेल तर व्हर्नियर लावा.

२७.२ मिमी असेल तर वर नळीची भिंत जेमतेम ०.७ मिमी, म्हणजे बहुधा चांगली डबल बटेड नळी. २६.४ असेल तर १.१ मिमी, म्हणजे साधी किंवा प्लेन गेज (सगळीकडे सारखी जाड). २५.४ असेल तर दीड मिमीच्या वर, नळाचा पाईपच म्हणा ना. माझ्या त्या पहिल्या फ्रेमची पिन किती होती ओळखा, २५.४!

डबल बटेड म्हणजे नळी टोकांना जाड आणि मध्ये पातळ, कारण जोडाला उष्णता आणि ताण दोन्ही जास्त, मध्ये कमी. आल्फ्रेड रेनॉल्ड्सने याचं पेटंट १८९७-९८ च्या सुमाराला घेतलं, बर्मिंगहॅमला.

यातही गोम आहे. फ्रेंच फ्रेममध्ये सीट ट्यूब बाहेरून २८.० मिमी असते, त्यामुळे तिथे २६.४ ची पिन असूनही नळी चांगली असू शकते. म्हणून बाहेरचा व्यास आधी मोजा. शिवाय कुणीतरी चुकीची बारीक पिन घालून बोल्ट आवळलेला असतो, मग सीट लगचे कान एकमेकांकडे चिमटलेले दिसतात. तसं दिसलं तर पिनच्या मापावर विश्वास नाही.

आणि पिन हलते का ते तिथेच, विकणाऱ्यासमोर बघा. अ‍ॅल्युमिनियमची पिन स्टीलच्या नळीत वर्षानुवर्षं ग्रीस न लावता राहिली की दोन धातू एकमेकांना धरून बसतात. माझी दुसरी चूक हीच. विकणारा म्हणाला जरा टाईट आहे, तेल टाका, सुटेल. तेल टाकलं, गरम पाणी, बर्फ, व्हाइसमध्ये पिन धरून अख्खी फ्रेम फिरवून झाली, शेवटी पिन वरून कापली आणि हॅकसॉचं पातं हातात धरून आतून उभी चिरली, तीन रविवार गेले. लोक कॉस्टिक सोडा सुचवतात, तो अ‍ॅल्युमिनियम खातो हे खरं आहे, पण गरम होतो, हायड्रोजन सुटतो, डोळ्यात उडाला तर संपलं, घरात पोरं असतील तर नादी लागू नका.

५. आटे

बॉटम ब्रॅकेटच्या नळकांड्याची रुंदी मोजा आणि कपवर (बेअरिंगच्या वाटीवर) काही ठोकलंय का वाचा.

६८ मिमी आणि १.३७ इंच × २४ (व्यास, आणि इंचाला किती आटे) म्हणजे इंग्लिश, चेनच्या बाजूला उलटे आटे. याचे पार्ट आजही नवे मिळतात, निवांत राहा. ७० मिमी असेल तर इटालियन, ३६ मिमी, दोन्ही बाजूंना सुलटे. परत ६८ पण ३५ × १ मिमी म्हणजे फ्रेंच, तेही दोन्ही सुलटे, आणि पार्ट शोधताना घाम निघतो. फ्रेंचमध्ये हँडलचा स्टेम पण २२.० मिमी, इंग्लिशमध्ये २२.२. ०.२ मिमीने काय होतंय म्हणून ठोकून बसवू नका.

नॉटिंगहॅमच्या रॅलेंमध्ये बऱ्याचदा २६ आट्यांचं स्वतःचंच माप असतं आणि नळकांडं ७१ किंवा ७६ मिमी रुंद. फ्रेम वाईट नसते, पण जुने कप आणि छर्रे जपून ठेवा, दुकानातला पोरगा "हे फेकून नवीन टाकू" म्हणाला तर आधी माप विचारा.

६. मार लागलाय का

समोरून धडकलेली सायकल सगळ्यात आधी कुठे बोलते, तर हेड ट्यूबच्या (हँडलखालची आखूड नळी) मागे दोन-चार सेंटीमीटरवर, डाउन ट्यूबच्या (तिथून पायडलकडे उतरणारी नळी) खालच्या अंगाला. तिथे अंगठा हळू फिरवा, डोळे मिटून फिरवला तर अजून बरं. बारीक फुगवटा किंवा सुरकुती लागली तर फ्रेम ठेवून घरी जा. वरच्या नळीलाही तसंच बघा. रंग तिथेच आडवा तडकला असेल तर तीच खूण.

चिमटा बाजूने बघा, पाती क्राऊनमधून निघून बाक सुरू होईपर्यंत हेड ट्यूबच्या रेषेतच जायला हवीत. मागे ढकलल्यासारखी दिसली की वाकलेला.

आता दोरा. उजव्या ड्रॉपआऊटपासून पुढे नेऊन हेड ट्यूबला वळसा घालून डाव्या ड्रॉपआऊटला बांधा, ताणून. सीट ट्यूबपासून दोन्ही बाजूंच्या दोऱ्याचं अंतर मोजा. एक-दोन मिमीचा फरक असेल तर जाऊ दे, पाच असेल तर फ्रेम तिरकी आहे.

चुंबक कशाला? स्टील तर सगळीकडे चिकटणारच. पण खड्डा पुट्टीने भरून वर रंग मारला असेल तर तिथे चुंबकाची पकड सैल पडते. सीट लग, चेनस्टेचा पूल आणि ड्रॉपआऊटचे जोड इथे केसाएवढी चीर आहे का ते टॉर्चने बघा. वरवरचा गंज पुसला जातो, त्याला घाबरू नका. रंगाखाली फोड आलेत आणि नखाने दाबल्यावर चुरा पडतोय, तो गंज आतून आलेला.

७. नंबर आणि वय

फ्रेम उलटी करा. नंबर बहुधा बॉटम ब्रॅकेटच्या खाली, नाहीतर मागच्या ड्रॉपआऊटवर किंवा सीट लगवर. अनेक ब्रिटिश कारागीर तोच नंबर चिमट्याच्या आतल्या नळीवरही ठोकायचे, दोन्ही जुळले तर चिमटा मूळचाच, आणि हा आनंद वेगळाच असतो. चिमटा काढायची संधी मिळालीच तर त्या नळीत टॉर्च मारा, इटलीच्या कोलंबसच्या एसएल आणि एसपी नळ्यांमध्ये आत पाच पिळदार कंगोरे दिसतात, ते खोटे करता येत नाहीत.

पार्टवरूनही अंदाज लागतो. स्टर्मी-आर्चरच्या हबवर वर्ष आणि महिना ठोकलेला असतो. शिमानोच्या पार्टवर दोन इंग्रजी अक्षरं, पहिलं वर्षाचं, ए म्हणजे १९७६ धरून पुढे मोजायचं, दुसरं महिन्याचं. जे-सी असेल तर मार्च १९८५. पण पार्ट बदललेले असतात, म्हणून एकाच पार्टवर जाऊ नका, तीन पार्ट एकच वर्ष सांगत असतील तर ठीक.

नंबरवरून काहीच लागत नसेल तर व्हेटरन-सायकल क्लबमध्ये एकेका नावाचे जाणकार असतात, स्वच्छ फोटो पाठवले तर म्हातारी मंडळी फार प्रेमाने, आणि फार सविस्तर, उत्तर देतात.

८. आता वाचा स्टिकर

रेनॉल्ड्स ५३१ आलं १९३५ साली, मँगनीज-मॉलिब्डेनम स्टील. पण ५३१ लिहिलंय एवढंच पुरत नाही, त्यातली बारीक अक्षरं वाचा. बटेड ट्यूब्ज, फोर्क्स अँड स्टेज असं असेल तर अख्खी फ्रेम ५३१ ची. फक्त फ्रेम ट्यूब्ज किंवा थ्री मेन ट्यूब्ज असेल तर मोठ्या तीन नळ्याच, मागचे स्टे आणि चिमटा साध्या स्टीलचे. ऐंशीच्या दशकात ५३१ एसटी आलं, एसटी म्हणजे स्पेशल टूरिस्ट, आपल्या कामाचं तेच. ५३१ सी हे रेसिंगवाल्यांचं. ५०१ हे क्रोम-मॉलीचं, जरा जड, पण रोज वापरायला काही वाईट नाही. टांगे आणि इशिवाता ही जपानी नळ्यांची नावं दिसली तर नाक मुरडू नका, त्या फ्रेम्स बऱ्याचदा इंग्लिशपेक्षा सरळ आणि नीट जोडलेल्या असतात (हे इथल्या क्लबात मोठ्याने बोलत नाही मी).

जुन्या स्टिकरवर टीआय रेनॉल्ड्स असंही दिसेल. ही टीआय म्हणजे ट्यूब इन्व्हेस्टमेंट्स, त्यांच्याकडे रेनॉल्ड्स १९२८ पासून, रॅले १९६० पासून, आणि त्यांनीच मुरुगप्पांबरोबर १९४९ साली मद्रासला टीआय सायकल्स सुरू केली, जिथून आपल्याकडच्या हर्क्युलस आल्या. म्हणजे बाबा ज्या हर्क्युलसच्या दांडीवर मला बसवून शाळेत सोडायचे ती आणि माझी आत्ताची डॉज गॅलेक्सी (ब्रिटिश टूरिंग सायकल) लांबच्या चुलत बहिणी निघाल्या. (पुण्याच्या जुन्या बाजारात रॅले दिसली तर ती बहुतेक रोडस्टर, रॉड ब्रेकवाली, तिला हे नियम लावू नका. जुन्या सायकली नुसत्या बघायच्या असतील तर कर्वेनगरला विक्रम पेंडसे सायकल म्युझियम आहे.)

नवख्यांनी पहिली फ्रेम म्हणून डॉज गॅलेक्सी शोधावी असं माझं मत, १९७१ पासून निघाली, भरपूर आहेत, आटे इंग्लिश, त्यामुळे अडत नाही.

९. चाकांचं माप

जुन्या टूरिंगला २७ इंची चाकं असतात, रिम ६३० मिमी. आजची ७००सी ६२२ मिमी. बदललं तर ब्रेक पॅड ४ मिमी खाली यायला हवेत, येतात का ते घ्यायच्या आधी बघा. २७ इंची टायर अजून मिळतात, पण निवड कमी.

१०. पैसे द्यायच्या आधी

बाईकरजिस्टर या वेबसाइटवर फ्रेम नंबर टाकून चोरीची नाही ना ते तपासा, फुकट आहे. विकणाऱ्याकडून साध्या कागदावर का होईना पावती घ्या: तारीख, रक्कम, फ्रेम नंबर, सही. जुनं बिल किंवा कॅटलॉग असेल तर मागून घ्या, लोक ते फेकून देतात आणि फ्रेमचा अर्धा इतिहास तिथेच जातो. वजन करायला जमलं तर करा, मध्यम मापाची ५३१ डबल बटेड फ्रेम चिमट्यासकट साधारण तीन किलोच्या आसपास भरते, चारच्या पुढे गेली तर स्टिकर परत एकदा बघा.

११. घरी आणल्यावर

लगेच रंग काढायला घेऊ नका. मूळ रंग आणि मूळ रेघा खराब दिसल्या तरी त्या परत येत नाहीत, ओल्या फडक्याने आणि थोड्या पॉलिशने केवढं निघतं बघा. नळ्यांच्या आत गंजरोधक मेण फवारा, भोकांतून, आणि फ्रेम सगळ्या बाजूंनी फिरवत ठेवा म्हणजे आत पसरेल. रात्रभर खाली जुने पेपर घाला, मेण गळतं, आमच्या कार्पेटवर अजून डाग आहे.

आणि सीटपिन वर्षातून दोनदा पूर्ण बाहेर काढून, पुसून, नवीन ग्रीस लावून परत घाला. मी पाडव्याला आणि दसऱ्याला करते, दसऱ्याला तसंही सायकलला हळदकुंकू लावायचंच असतं.